पानं पिसतं कोण?

गेल्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, पुढचा विषय वाचला. मोबाइलवरचे पत्त्यांच्या लढाईचे खेळ! तत्त्वज्ञानाचा माणूस त्यावर काय बोलणार?" मी म्हटलं, येऊन बघा. ते आलेले दिसतात, तिसऱ्या रांगेत बसलेत. तेव्हा आजचं निम्मं व्याख्यान त्यांच्यासाठी.

विषय असा. राक्षस, जादूगार, तलवारवाले, ड्रॅगन अशांची चित्रं असलेली पानं मोबाइलच्या पडद्यावर असतात. आपण ती निवडून आपला संच बांधायचा आणि जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाच्या संचाशी लढायचं. खेळ फुकट मिळतो. पानं विकत मिळतात. सगळी नाही, सरळ नाही, पण मिळतात. या खेळांची रचना कशी आहे आणि त्या रचनेतून पैसा कसा निघतो, हे मला तपासायचं आहे. नीती-अनीतीचा निकाल लगेच द्यायचा नाही. नाटकाचा समीक्षक जसा आधी नाटक बघतो, तसा आधी खेळ बघायचा.

पण त्याआधी आपल्या घरचा एक खेळ. मी एकतीस वर्षं विरार-चर्चगेट केली. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी केली असेल. आमच्या डब्यात एक मेंढीकोटाचा ग्रुप होता. चौघं समोरासमोर, गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि भोवती उभे राहून सल्ले देणारे आठ-दहा. नालासोपाऱ्याला वाटलेली पानं भाईंदरची खाडी येईपर्यंत संपायची. मी बहुतेक वेळा सल्ले देणाऱ्यांत. खेळणाऱ्यांत एक बँकेत अधिकारी होते, एक कारखान्यात फिटर, एक अर्नाळ्याचे, सरकारी कचेरीत शिपाई. आणि एक जण काय करायचे ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कॅट जुना झाला की वर्गणी काढून नवा यायचा. कॅट कुणाचाच नव्हता, किंवा चौघांचा होता. आणि एक नियम तुम्हाला माहीत आहे: जी बाजू हरते, तिच्याकडे पिसणी येते. अधिकाऱ्याचा एक्का आणि शिपायाचा एक्का यांच्यात कसलाही फरक नव्हता. आता हे सांगण्यासारखं काय, असं वाटेल. मला एकतीस वर्षं वाटलं नाही. ते सांगण्यासारखं आहे हे मला माझ्या नातवामुळे कळलं.

नातू तेरा वर्षांचा आहे, विरारला राहतो. करोनाच्या टाळेबंदीनंतर मोबाइल त्याच्या हाताला जो चिकटला तो चिकटलाच. मी रागावून बघितलं, उपयोग झाला नाही. मग म्हटलं, निदान समजून तरी घेऊ, आणि त्याच्याकडून 'क्लॅश रॉयाल' शिकलो. सुपरसेल ही फिनलंडमधली हेलसिंकीची कंपनी. २०१६च्या मार्चमध्ये तिने हा खेळ जगभर आणला. आणि मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, खेळ सुरेख आहे.

सुरेख का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण टीका करणारे लोक हा भाग टाळतात. मैदान फोनभर. मधून नदी, तिच्यावर दोन पूल. तुमचे तीन बुरूज, समोरच्याचे तीन. डाव तीन मिनिटांचा, बरोबरी झाली तर थोडा वाढीव वेळ. तुमच्या संचात पानं फक्त आठ. हातात एका वेळी चार, आणि पाचवं कोणतं येणार ते कोपऱ्यात दिसतं. पान टाकायला 'इलिक्सर' लागतं, म्हणजे एक प्रकारचा रस. तो आपोआप भरत राहतो, पण दहाच्या वर साठत नाही. शूर सरदाराला तीन, राक्षसाला पाच, असे भाव. टाकलेलं पान रांगेच्या शेवटी जातं आणि फिरून येतं.

आता यातली गंमत बघा. रस दहाच्या वर साठत नाही, म्हणून कंजूषपणा करता येत नाही. सगळा खर्च केला तर समोरून हल्ला आला की हात रिकामा, म्हणून उधळेपणाही करता येत नाही. पानं आठच, म्हणून समोरच्याने काय टाकलं ते लक्षात ठेवता येतं, आणि चांगला खेळाडू दुसऱ्याची पानं मोजतो. मेंढीकोटात 'तिसरी मेंढी कुणाकडे' हे मोजतात ना, तसंच. शेवटच्या मिनिटात रस दुप्पट वेगाने भरतो आणि द्रुत लयीत शिरल्यासारखा डाव धावतो. तीन मिनिटांत आरंभ, मध्य, अंत. ज्या कुणी हे बांधलं तो कारागीर आहे. माझा नातू यात वेळ वाया घालवतो असं मी आता म्हणत नाही. गणित, अंदाज, संयम, सगळं तिथे आहे.

मग बिघडतं कुठे? त्यासाठी पिसणीकडे परत यावं लागेल.

रॉजर कायवा नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार प्रकार मांडले. त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत: स्पर्धा आणि दैव. पत्त्यांच्या खेळात हे दोन्ही एकत्र येतात. पानं कोणती येतील हे दैव, ती कशी टाकाल हे कौशल्य. पण नीट बघा, दैव नेमकं कुठे बसलेलं असतं? पिसणीत. पिसणी सगळ्यांसमोर होते, एका सामाईक कॅटवर होते आणि प्रत्येक डावाला नव्याने होते. काल वाईट पानं आली म्हणून आज येतील असं नाही. दैव इथे आंधळं असतं, म्हणून न्यायी असतं.

आपल्याकडची गंजिफाच घ्या. सावंतवाडीच्या गंजिफांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण एकशेवीस गोल पानं, हाताने रंगवलेली. दिवसा खेळायचं तर उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. आणखी एक मौज अशी की निम्म्या रंगांत दश्शी मोठी धरतात आणि उरलेल्या रंगांत एक्की. एकच आकडा एका रंगात थोर आणि दुसऱ्यात क्षुद्र. मी त्यावर स्वतंत्र व्याख्यान देईन, आज नाही. आजचा मुद्दा एवढाच की या पानांवरही देव, राक्षस, युद्ध सगळं होतं. कल्पनारम्य लढाईचे पत्ते ही काही परवा अमेरिकेत लागलेली शोध नव्हे. हातांनी रंगवलेला तो संच स्वस्त नव्हता, आजही नाही. तो वाड्यावरचा खेळ होता. पण एकदा संच पुढ्यात आला की वाड्याचा धनी आणि त्याचा कारकून यांना एकाच ढिगातून पानं मिळत. मत्स्याचा राजा एकच आणि तो कुणाकडेही जाऊ शकतो.

हा सामाईक ढीग मोडला तो १९९३मध्ये. रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे माणूस, त्यांची डॉक्टरेट संयोजनशास्त्रातली. त्यांनी 'मॅजिक: द गॅदरिंग' हा छापील पत्त्यांचा खेळ काढला. कल्पना अशी की प्रत्येक खेळाडू आपापला कॅट घेऊन येईल. पानं शेकडो प्रकारची, बंद पाकिटात विकायची, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळणार नाही, काही मुबलक आणि काही दुर्मीळ. ही फार मोठी कल्पना होती. खेळाडू डावाच्या आधीच खेळायला लागतो. कोणती पानं एकत्र ठेवू, समोरचा काय आणेल, हे विचार रात्री झोपतानाही चालू राहतात. तिचं श्रेय मी कमी करणार नाही. पण त्याच दिवशी दैव एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलं. ते डावातून काही अंशी बाहेर पडलं आणि दुकानात जाऊन बसलं. पिसणी आता दोनदा होऊ लागली. एकदा चौघांसमोर, आणि त्याआधी एकदा कारखान्यात, पाकीट बंद करताना.

गंमत म्हणजे मूळ नियमांत प्रत्येकाने आपल्या कॅटमधलं एक पान पणाला लावावं आणि जिंकणाऱ्याने ते घेऊन जावं, असाही एक नियम होता. पुढे तो सोडून दिला गेला. म्हणजे टेबलावरचा जुगार गेला, पाकिटातला राहिला.

छापील पत्त्यांत तरी एक दिलासा होता. पान तुमच्या हातात असायचं. नको असेल तर शेजारच्या मुलाला द्या, बदला, विका, पुस्तकात खूण म्हणून ठेवा. आमच्या मुलांच्या लहानपणी बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रं यायची. एकाच खेळाडूची सहा चित्रं साठली की शाळेच्या मधल्या सुट्टीत अदलाबदल. त्या बाजारात भाव मुलं ठरवायची. मोबाइलवर पान ही वस्तूच राहिलेली नाही. तो एक परवाना आहे, कंपनीच्या यंत्रावर लिहिलेली एक नोंद. 'हार्थस्टोन' या २०१४च्या प्रसिद्ध खेळात नको असलेलं पान दुसऱ्याला देता येत नाही. ते मोडायचं. मोडलं की 'धूळ' मिळते, धुळीतून हवं ते पान घडवता येतं. अतिदुर्मीळ पान मोडलं तर चारशे धूळ, घडवायचं तर सोळाशे. म्हणजे चार मोडा, एक मिळवा. साधं पान मोडलं तर पाच, घडवायचं तर चाळीस. आठाला एक. वसईतला कुठलाही भंगारवाला याहून बरा भाव देतो, आणि समोर काटा तरी धरतो.

सभापर्वात द्रौपदी विचारते तो प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला: जो स्वतःलाच हरून बसला, त्याला दुसऱ्या कुणाला पणाला लावायचा अधिकार उरतो का? प्रश्न मालकीचा आहे आणि सभेत कुणी त्याचं सरळ उत्तर देत नाही. आज तोच प्रश्न उलटा येतो. जे कधी माझं झालंच नाही, त्यासाठी मी पैसे दिले ते कशाचे?

आता 'क्लॅश रॉयाल'कडे परत. तिथे आणखी एक पायरी आहे आणि माझा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे. तिथे पानांना पातळ्या असतात. तेच पान पुन्हा पुन्हा मिळालं आणि वर सोन्याची नाणी भरली की त्याची पातळी वाढते. पातळी वाढली की त्याची ताकद आणि आयुष्य वाढतं. माझा सरदार आणि तुमचा सरदार, चित्र एक, नाव एक, रस तीनच, पण तुमचा माझ्यापेक्षा दणकट. एखादं जादूचं पान समान पातळीच्या छोट्या सैनिकांना एका फटक्यात संपवतं. तेच सैनिक वरच्या पातळीचे असले तर चिमूटभर जीव धरून उरतात आणि बुरूज पाडतात. तुम्ही गणित बरोबर केलेलं असतं. वेळ बरोबर साधलेली असते. तरी उत्तर चुकतं, कारण समोरच्याचा 'दोन' हा तुमच्या 'दोन'पेक्षा मोठा आहे.

कोणी म्हणेल, पातळी मेहनतीनेही वाढते. वाढते. सावकाश. पण मला कंपनीचीच साक्ष काढायची आहे. याच खेळाच्या स्पर्धा भरतात, तिथे पानांच्या पातळ्यांना मर्यादा घालून त्या समान केल्या जातात. का? कारण एरवी ती स्पर्धा आहे असं कुणी मानणार नाही. म्हणजे खेळ खरा केव्हा असतो हे रचनाकारांना पक्कं ठाऊक आहे. रोजच्या गिऱ्हाइकाला मात्र ते दुसरा देतात.

नातवाची गोष्ट इथे सांगतो. खेळ हा नव्हे, याच जातीतला दुसरा, नावाला महत्त्व नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे होता आणि आजीचा फोन त्याच्याकडे. आजीचा पिन त्याला माहीत, कारण आजीला पैसे पाठवायला तोच शिकवतो. आठवड्याने आजीने बँकेचे मेसेज दाखवले. एकोणनव्वद रुपये, एकोणनव्वद रुपये, एकशे एकोणसत्तर, पुन्हा एकोणनव्वद. मिळून चौदाशेच्या आसपास. घर बुडेल अशी रक्कम नाही. पण पोरगं चोरी करणारं नाही, हे मला माहीत आहे. मी ओरडलो नाही. विचारलं, कशासाठी? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मी नव्हतो हरत. माझी पानं हरत होती."

मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, या वाक्याइतकं नेमकं निदान मला करता आलं नसतं. मेंढीकोटात हरलेला माणूस दोनच गोष्टी म्हणू शकतो: पानं वाईट आली, किंवा मी चुकलो. पहिल्यावर उपाय पुढची पिसणी, दुसऱ्यावर उपाय डोकं. या खेळाने तिसरी गोष्ट निर्माण केली: माझ्याकडे जे नाही, त्यामुळे मी हरलो. आणि तिच्यावर उपाय एकच, तो पडद्यावर पराभवानंतर लगेच दिसतो, किमतीसकट. पराभव हा खेळाचा सगळ्यात मोठा शिक्षक. इथे त्या शिक्षकाला दुकानाच्या दारात उभं केलं आहे.

आता वाट बघण्याबद्दल. 'क्लॅश रॉयाल'च्या मूळ रचनेत जिंकलं की पेटी मिळायची. पेटी उघडायला वेळ: चांदीची तीन तास, सोन्याची आठ तास. पेट्या ठेवायला जागा चारच. चारही भरल्या असतील तर जिंकूनही पेटी नाही. घाई असेल तर रत्नं मोजा: दहा मिनिटांना एक, म्हणजे तीन तासांना अठरा. रत्नं रुपयांनी घ्यायची, पण ठरावीक गठ्ठ्यांत: ऐंशी, पाचशे, बाराशे. हिशेब सहसा जुळत नाही, थोडी उरतात आणि उरलेली खुणावतात. ही पेट्यांची पद्धत पुढे बदलत गेली, पण तिच्यातला विचार या धंद्यात सगळीकडे पसरला.

आमच्या वाडीत केळीचा घड उतरवायला वेळ लागतो, राजेळीची सुकेळी उन्हात वाळायला दिवस लागतात. ती वाट बघण्याला कारण आहे. फळाला वेळ लागतो. पेटीत काय पिकत होतं? काहीच नाही. आत जे होतं ते पहिल्या क्षणीही होतं. तीन तास हा नुसता विकायला ठेवलेला अडथळा.

आणि इथे मला बर्नार्ड सूट्स आठवतात. विट्गेन्स्टाइनने म्हटलं होतं की सगळ्या खेळांना लागू पडेल अशी एक व्याख्या सापडणार नाही. सूट्सनी १९७८ साली 'द ग्रासहॉपर' नावाचं एक खट्याळ पुस्तक लिहून ती करून दाखवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नसते अडथळे आपखुशीने पत्करून ते ओलांडणं म्हणजे खेळ. चेंडू भोकात घालायचा तर हाताने नेऊन टाका की! पण मग गोल्फ उरत नाही. अडथळा हाच खेळ. आता हे लक्षात ठेवून दुकानाकडे बघा. तिथे काय विकतात? अडथळ्यातून सुटका. जो अडथळा मी आपखुशीने पत्करायला आलो, तो काढून टाकण्याचे पैसे. म्हणजे खेळ आवडतो म्हणून मी पैसे देतो, आणि जितके देतो तितका कमी खेळतो. हॉटेलात चांगलं जेवण मागवावं आणि ते आपल्या वतीने दुसऱ्याने जेवावं म्हणून वर टिप द्यावी, असा प्रकार आहे. (हशा)

यातलं काही मी एकटाच बोलतो आहे असं नाही. ज्या गारफील्डनी पाकिटाची कल्पना आणली, त्यांनीच २०१६मध्ये एक जाहीरनामा लिहून अशा खेळांवर टीका केली. खेळाडूंमधल्या थोड्या लोकांच्या व्यसनावर जगणाऱ्या खेळांना त्यांनी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या नावावरून 'स्किनरवेअर' म्हटलं. स्किनरचे कबुतरांवरचे प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतील. दाणा केव्हा पडेल हे अनिश्चित ठेवलं की कबुतर चोच मारायचं थांबत नाही. पण हेच गारफील्ड पुढे 'आर्टिफॅक्ट' या खेळात सहभागी झाले. व्हॉल्व्ह कंपनीने तो २०१८मध्ये काढला. आधी वीस डॉलर मोजा, मग पानांची पाकिटंही विकत घ्या, पानं बाजारात विका. लोक महिन्या-दोन महिन्यांत पांगले आणि २०२१मध्ये कंपनीने तो पूर्ण करण्याचा प्रयत्न सोडून फुकट करून टाकला. जाहीरनामा लिहिणं आणि रचना करणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, एवढं यातून मी शिकलो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जपानमध्ये मोबाइलवर यदृच्छेने निघणारी पानं जमवून पूर्ण संच झाला तरच मोठं बक्षीस, असा प्रकार बोकाळला होता. २०१२मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने तो बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८मध्ये काही खेळांतल्या बंद पेट्यांना जुगार म्हटलं. आपल्याकडे १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. चांगलं झालं. रमीच्या ॲपपायी बुडालेली घरं याच तालुक्यात मी बघितली आहेत. पण त्या कायद्याची नजर कुठे आहे बघा: पैसे परत मिळण्याच्या आशेवर. रतन खत्रींच्या मटक्यात पानं उघडत, त्यांची बेरीज होई, शेवटचा आकडा लागला तर पैसे घरी येत. आपल्या या पेट्यांतून पैसे कधीच परत येत नाहीत. ते एकाच दिशेने जातात. आणि म्हणूनच, मला समजतं त्याप्रमाणे, त्या पैशांचा जुगार ठरत नाहीत. गिऱ्हाइकाला जिंकायची शक्यताच ठेवली नाही, की धंदा सोवळा!

युरोपातली आणखी एक कथा. 'बलात्रो' नावाचा खेळ २०२४मध्ये आला. पोकरच्या पानांवर बेतलेला, बहुतांशी एका माणसाने बनवलेला. एकदा विकत घ्यायचा, पुढे आत काहीही विकत नाही. तिथल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने त्याला अठरा वर्षांवरील असा शिक्का मारला, कारण पत्त्यांची चित्रं! आणि खेळाडूंची पाकिटं खऱ्या पैशांनी विकणाऱ्या फुटबॉलच्या खेळाला तीन वर्षांवरील. पुढे अपील झालं, २०२५च्या फेब्रुवारीत 'बलात्रो' बारा वर्षांवर आला. म्हणजे पत्त्यांचं चित्र जुगारासारखं दिसलं. जुगार मात्र चेंडूसारखा दिसला.

चित्रांवरून आठवलं. आता आपल्या देशातही महाभारतातल्या वीरांची पानं असलेले मोबाइल-खेळ निघतात, 'कुरुक्षेत्र: असेन्शन' हा एक. मला आनंद आहे, आपल्या चित्रकारांना काम मिळतं. पण कुणी म्हणालं की परदेशी राक्षसांऐवजी आपला घटोत्कच आला म्हणजे प्रश्न सुटला, तर मी विचारीन: पानं पिसतं कोण?

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मघापासून हात वर करतायत. बोला. ... हं. प्रश्न असा आहे की नालासोपाऱ्याच्या चाळीतला मुलगा ज्या खेळासाठी एक रुपया देऊ शकत नाही, तो त्याला फुकट मिळतो. श्रीमंताच्या मुलाने दोन पैसे जास्त दिले आणि त्यावर गरिबाचा खेळ चालला, तर बिघडलं काय? तुम्ही ज्यांचं कौतुक करता ते खेळ आधी पैसे मागतात.

प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. 'स्ले द स्पायर' नावाचा एक उत्तम खेळ आहे, दोघा मित्रांनी काढलेला, २०१९मध्ये पुरा झालेला. त्यात संच खेळता खेळता बांधायचा, प्रत्येक वेळी शून्यापासून. पानं सगळ्यांना सारखी उपलब्ध, दैव पूर्णपणे डावाच्या आत. माझ्या मते पिसणी दुकानातून परत चटईवर आणणारा तो खेळ आहे. पण हो, तो आधी पैसे मागतो आणि त्या मुलाकडे ते नाहीत. इथे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

मात्र 'फुकट' या शब्दाकडे जरा बघू. ज्याने पैसे देऊन पान दणकट केलं, त्याला ते कुणावर तरी चालवून बघायचं असतं. समोर कुणी नसेल तर त्या पानाला किंमत काय? तो समोरचा कोण? तुमचा चाळीतला मुलगा. तो पाहुणा नाही. तो पुरवठा आहे. पैसे देणाऱ्याला हरवायला माणूस लागतो, आणि तो माणूस जिवंत, खरा, मेहनत करणारा असला तरच मजा. त्या मुलाचे तासन्‌तास हा त्या दुकानातला माल आहे. आमच्या डब्यातल्या शिपायाने कॅटच्या वर्गणीला कधी कमी पैसे दिले असतील. त्याचा एक्का त्यामुळे लहान झाला नाही. फुकट खेळायला मिळणं आणि बरोबरीने खेळायला मिळणं यांतलं त्या मुलाला काय हवं असेल? हे मी त्याच्या वतीने ठरवू नये, हेही खरं. त्याला विचारायला हवं. मी माझ्या नातवाला विचारलं, तो चाळीत राहत नाही, तेव्हा ते उत्तर अपुरं आहे.

तो सध्या काय करतोय ते सांगतो आणि थांबतो, सात-चाळीसची गाडी कुणाकुणाला पकडायची आहे. मे महिन्यात त्याने जुन्या लग्नपत्रिका कापून स्वतःचा खेळ काढला. छत्तीस पानं. वसईच्या किल्ल्यावरची लढाई, चिमाजी अप्पा एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या. मागे कुणाची तरी सप्तपदी आणि भोजनाची वेळ, पुढे तोफा. रसाच्या जागी दारूगोळा, दहाच्या वर साठत नाही. ती कल्पना त्याने कुठून उचलली ते तुम्हाला कळलंच. आम्ही रोज खेळतो आणि मी बहुतेक हरतो. परवा त्याला एक अडचण आली. तोफेचं पान फारच भारी झालंय, ज्याला मिळेल तो जिंकतो. काढून टाकावं तर किल्ल्याच्या लढाईत तोफ नाही हे कसं? दोन्ही बाजूंना एकेक द्यावं तर मग पिसायचं कशाला? मी म्हटलं, दारूगोळा जास्त लाव. तो म्हणाला, लावून बघितला, तरी जिंकते. अजून ठरलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर बाहेर जिन्यात मला सांगा.